स्लॅबखालचा पीसी

मे महिन्यात सोलापुरात रात्री १० वाजता वरच्या मजल्यावरच्या खोलीत भिंतीला हात लावून बघा. दिवसभर ४२-४३ अंशांत भाजलेला स्लॅब त्या वेळी आतल्या बाजूला उष्णता सोडत असतो. अंगणात जरा वारं सुटलेलं असतं, पण खोलीतला पारा ३८ वर अडून बसलेला असतो. जुन्या माळवदाच्या घरात मातीचा जाड थर डोक्यावर असायचा आणि ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. स्लॅबला आणि पत्र्याला तेवढा धीर नाही. आणि घरातला पीसी नेमका याच वेळी चालू होतो, कारण अभ्यास, घरी आणलेलं काम, गेम, सगळं जेवणं उरकल्यावरच.

पीसी जुळवायला निघालेला माणूस नवी पेठेत गेला की बोलणं सुरू होतं ते प्रोसेसरपासून. कुठली पिढी, किती कोर, रॅम १६ की ३२, ग्राफिक्स कार्ड कुठलं. हे प्रश्न चुकीचे नाहीत. पण खोली कितव्या मजल्यावर आहे, वर स्लॅब आहे की पत्रा, शेजारी माग चालतो का, आणि ज्या सॉकेटला हा पीसी लागणार आहे त्याला अर्थिंग आहे का, हे चार प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मला हे चार आधीचे वाटतात. प्रोसेसर निवडायला चुकलात तर पीसी थोडा हळू चालेल. खोलीचा, हवेचा आणि विजेचा हिशेब चुकला तर चांगला प्रोसेसरही हळूच चालतो आणि बाकीचे भाग वेळेआधी जातात.

उष्णतेचं गणित साधं आहे. प्रोसेसरचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक एक वाढ. ती वाढ ठरते प्रोसेसर किती वॅट खातो आणि त्याच्यावर बसवलेला कूलर किती उष्णता बाहेर टाकतो यावर. खोली गार असो की गरम, वाढ जवळपास तेवढीच राहते. समजा २५ अंशांच्या खोलीत व्हिडिओ रेंडर करताना प्रोसेसर ७० ला जातो. म्हणजे वाढ ४५ ची. तोच पीसी ४० अंशांच्या खोलीत ८५ ला जाणार. कूलरच्या धातूच्या पात्यांत धूळ बसली आणि वाढ ४५ ची ५८ झाली, तर ९८. इंटेलच्या १२व्या पिढीच्या आय-५ ची मर्यादा १०० अंश आहे, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५. मर्यादा गाठली की प्रोसेसर जळत नाही, तो स्वतःचा वेग कमी करून घेतो. मग गेम अडखळतो, रेंडर लांबतं, आणि घरातले म्हणतात रॅम कमी पडतेय. रॅम विकत आणली जाते, पीसी तसाच राहतो. इंटरनेटवरच्या चाचण्या बघून कूलर घेताना हे लक्षात ठेवा: त्यातल्या बहुतेक चाचण्या २०-२५ अंशांच्या खोलीत केलेल्या असतात. त्यांच्या आकड्यात १५ मिळवले की आपला मे महिना येतो.

आय-५ १२४००एफ च्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण जोर लावल्यावर तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो, आणि बरेच मदरबोर्ड त्याला तिथे हवा तितका वेळ राहू देतात. खोक्यात आलेला छोटा कूलर आपल्या उन्हाळ्यात एवढं उचलू शकत नाही. १२० मिलिमीटर पंख्याचा, चार तांब्याच्या नळ्यांचा एक उभा टॉवर कूलर पुरेसा होतो. त्याची उंची साधारण १५५ मिलिमीटर असते, तेव्हा कॅबिनेटच्या माहितीत 'कूलरची कमाल उंची' बघूनच घ्या, नाहीतर बाजूची काच लागत नाही. प्रोसेसरवर बसवायच्या पाण्याच्या (लिक्विड) कूलरचं आकर्षण मी समजू शकते, पण तोही प्रोसेसरला खोलीपेक्षा गार करू शकत नाही, वर त्यात बिघडायला एक पंप जास्त. १०० वॅटच्या आसपासच्या प्रोसेसरला तो घेऊ नये, ते पैसे एसएमपीएसमध्ये, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यात, घालावेत असं माझं ठाम मत आहे. आणि खर्च न करता होणारा एक उपाय: एप्रिल ते जूनपुरती बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन इंटेलची दीर्घ आणि अल्प दोन्ही पॉवर लिमिट ६५ वॅटवर आणा, रायझन असेल तर इको मोड लावा. गेममध्ये फरक कळतही नाही, तापमान मात्र चांगलंच उतरतं.

खोली गार करणारा पाण्याचा कूलर असेल तर पीसीला त्याचा फायदाच आहे. एप्रिल-मेमधली आपली हवा कोरडी असते, त्यामुळे कूलर खोली ८-१० अंशांनी सहज खाली आणतो, आणि तेवढेच अंश प्रोसेसरचेही उतरतात. फक्त त्याचा झोत सरळ कॅबिनेटवर नको. बोअरचं जड पाणी असेल तर झोताबरोबर उडालेला बारीक थेंबही सुकल्यावर पांढरा क्षार मागे ठेवतो, आणि तो क्षार ओल धरतो. झोत पलंगाकडे, पीसी दुसऱ्या भिंतीला, एवढं पुरे.

आता धुळीचं. काळ्या मातीची धूळ सगळीकडे आहे, पण पूर्व भागात आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीच्या आसपास हवेत दुसरंही काही असतं: सुताची लव. खाली यंत्रमाग, वर घर, अशी कितीतरी घरं आहेत. चादर आणि टॉवेल ही या गावाची ओळख, आणि टॉवेल विणताना सुताचे तंतू उडतातच. साधी माती कूलरच्या पात्यांमधून बरीचशी हवेबरोबर निघून जाते. लव जात नाही. दोन पात्यांमधली फट दीड-दोन मिलिमीटरची, तंतू तिच्याहून लांब. तो फटीवर आडवा पडतो, त्याच्यावर दुसरा, मग त्या जाळीत माती अडकते.

वरून बघितलं तर काहीच दिसत नाही. पंखा फिरतोय, त्याची पाती जरा मळकी आहेत, इतकंच. पंखा धरून ठेवणाऱ्या तारेच्या दोन क्लिपा किंवा चार स्क्रू काढून पंखा उचला, म्हणजे खरी गोष्ट दिसते: कूलरच्या धातूच्या पात्यांच्या तोंडावर राखाडी रंगाचा, घोंगडीसारखा दाबून बसलेला एक थर. कडेला नख घातलं की तो अख्खा एका तुकड्यात निघतो. त्याच्या खालच्या बाजूला पात्यांच्या रेषा उमटलेल्या असतात, कंगव्याने ओढल्यासारख्या सरळ. हा थर दोन मिलिमीटरचा असला तरी हवा जवळपास बंद होते. असा पीसी दुकानात गेला की प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली, उष्णता पोचवणारी पेस्ट बदलून परत येतो, कारण पेस्ट बदलणं नेहमीच्या कामात बसतं आणि पंखा उचलून बघणं बसत नाही.

ब्लोअर मारताना पंख्याच्या बाजूने मारला तर हा थर पात्यांत आणखी घट्ट बसतो. पंखा काढून, थर हाताने उचलून, मग उलट्या बाजूने हवा मारायची. पंखा बोर्डाला जोडलेला असताना हवा मारायची असेल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं; हवेने पंखा वेड्यासारखा फिरला तर बेअरिंग जातं आणि तो उलट वीज तयार करून बोर्डात पाठवू शकतो. पंक्चरच्या दुकानातली कॉम्प्रेसरची हवा नको, तिच्यात पाणी आणि तेलाचे कण असतात. घरातला व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाजवळ नको, त्याच्या नळीच्या तोंडाशी स्थिर वीज साठते. मागाच्या शेजारी घर असेल तर दर दोन महिन्यांनी, बाकीच्यांनी वर्षातून दोनदा हे करावं. संक्रांतीची गड्डा यात्रा उरकली की एकदा, म्हणजे उन्हाळा साफ कूलरने सुरू होतो, आणि पाऊस संपल्यावर एकदा.

कॅबिनेट निवडताना याच दोन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवायच्या. पुढे पूर्ण काच असलेली कॅबिनेट सुंदर दिसतात, पण हवा बोटभर फटीतून आत येते. पुढे जाळी हवी, जाळीमागे निघणारा फिल्टर हवा, पुढे आत खेचणारे १२० मिलिमीटरचे दोन पंखे आणि मागे बाहेर टाकणारा एक. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त असली की आत थोडा दाब राहतो आणि बारीक फटींतून धूळ आत ओढली जात नाही. जे यायचं ते फिल्टरवरच अडतं. फिल्टर नळाखाली धुवायचा, पूर्ण वाळवायचा, लावायचा. कॉम्प्युटर टेबलाला 'सीपीयू' ठेवायचा जो बंद कप्पा असतो, तो पीसीसाठी सगळ्यात वाईट जागा आहे: मागून निघालेली गरम हवा तिथेच घुटमळून पुढून परत आत जाते. आणि खाली फरशीवरही नको. केर काढताना उडणारं सगळं पहिल्या अर्ध्या फुटातच असतं.

एसएमपीएसबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण तोच भाग सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशांत घेतला जातो. कॅबिनेटबरोबर 'मिळणारा' ४५० वॅटचा डबा हातात घेतला की हलका लागतो. त्याच्या बाजूचं लेबल वाचा. +१२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही याच १२ व्होल्टवर चालतात, तेव्हा तुमच्या कामाचा खरा आकडा हा. बाकीचे वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या रेषांवर वाटलेले असतात, जिथे आजच्या पीसीला फारशी गरजच नसते. आता गरज मोजा: १२४००एफ ला ११७, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्डाला १७०, बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५०-६०. झाले साधारण ३५० वॅट, आणि ग्राफिक्स कार्ड क्षणभर त्याच्याही वर उडी मारतं. इथे ५५० वॅटचा, १२ व्होल्टवर ४५ अँपिअर देणारा डबा हवा. आरटीएक्स ४०६० घेतलंत तर कार्डाचे ११५ वॅटच लागतात आणि सगळाच ताण उतरतो. सोलापूरच्या खोलीसाठी कमी वॅटचं कार्ड हा एक गुण आहे, तो किमतीइतकाच मोजावा.

'८० प्लस ब्राँझ' किंवा 'गोल्ड' हा शिक्का किती वीज वाया जात नाही एवढंच सांगतो. डबा किती वर्षं टिकेल, शॉर्ट झाल्यावर स्वतःला बंद करेल का, हे त्यात येत नाही. शिवाय ती चाचणी साधारण २३ अंशांच्या खोलीत होते. लेबलवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात बघायचं ते हे, की पूर्ण वॅट किती अंशांपर्यंत देण्याचं वचन आहे. चांगल्या डब्यांवर ४० किंवा ५० अंश लिहिलेलं असतं. आपल्याला ५० वाला हवा.

त्याचं कारण कपॅसिटर. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. १०५ अंशांवर २००० तास टिकेल असा कपॅसिटर ६५ अंशांवर राहिला तर सुमारे ३२,००० तास जातो, ७५ वर राहिला तर १६,०००. रोज ८ तास धरले तर पहिला ११ वर्षं, दुसरा साडेपाच. स्वस्त डब्यांत ८५ अंशांचे कपॅसिटर घातलेले असतात. त्यांचं गणित ७५ वर ४,००० तासांवर येतं, म्हणजे दीड वर्षाच्या आत. आपल्याकडे एसएमपीएस 'उन्हाळ्यात जातो' असं जे बोललं जातं, त्यामागे हेच आहे. तो एका दिवसात जात नाही, दोन उन्हाळे झिजत असतो आणि तिसऱ्यात कळतं.

झिजल्याची पहिली खूण इन्व्हर्टरवर दिसते. लाइट गेल्यापासून इन्व्हर्टर जागा होईपर्यंत मिलिसेकंदांची फट असते, आणि त्या फटीत पीसी कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेवर तगतो. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर १६ मिलिसेकंदांच्या आसपास तग धरतो. कपॅसिटर म्हातारे झाले की ही मुदत घटते. 'मागच्या वर्षी लाइट गेली तरी पीसी चालू राहायचा, आता रिस्टार्ट होतो' ही तक्रार आली की आधी इन्व्हर्टरच्या मागचं बटण बघा. 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असे दोन मोड असतात. यूपीएस मोडमध्ये बदल लवकर होतो, नॉर्मलमध्ये उशिरा. बटण यूपीएसवर असूनही रिस्टार्ट होत असेल तर एसएमपीएसकडे वळा. स्टॅबिलायझरवर पैसे घालू नका. लेबलवर १००-२४० व्होल्ट लिहिलेला एसएमपीएस संध्याकाळचा १७० व्होल्टही बिनतक्रार खातो. छोटा यूपीएस घेणार असाल तर ६०० व्हीए म्हणजे सहसा ३६० वॅट हे विसरू नका, आणि त्यातली ७ अँपिअर-तासाची बॅटरी आपल्या उन्हात दोन वर्षांत उतरते, हे धरूनच खर्च मोजा.

आता अर्थिंग. पीसीच्या कॅबिनेटला मागच्या स्क्रूपाशी हात लागला आणि मनगटापर्यंत बारीक झिणझिण्या आल्या, तर तो पीसी बिघडलेला नाही, सॉकेट बिघडलेलं आहे. प्रत्येक एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रलपासून अर्थकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, विजेतला गोंगाट अर्थमध्ये सोडायला. अर्थच नसेल तर कॅबिनेट मधोमध लटकतं, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास. प्रवाह एक मिलिअँपिअरच्याही आत असतो, म्हणून माणूस दचकतो, मरत नाही. पण त्या कॅबिनेटमध्ये टीव्हीची एचडीएमआय केबल खोचली, आणि टीव्हीला दुसरीकडून अर्थ मिळत असेल, तर तो प्रवाह केबलमधून वाट काढतो. पोर्ट एक एक करून मरतात ते असे. माणसं केबल बदलतात, मग ग्राफिक्स कार्ड बदलतात.

तपासायला मल्टिमीटर पुरतो. तो एसीच्या ६०० किंवा ७५० व्होल्टवर ठेवा. सॉकेट समोरून बघितलं तर वरचं मोठं भोक अर्थ, उजवीकडचं फेज, डावीकडचं न्यूट्रल. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत हवं. फेज-अर्थ ९० किंवा १२० असं काही भलतंच आलं तर अर्थ तुटलेलं आहे. न्यूट्रल-अर्थ ५ च्या वर गेलं तर वायरमनला बोलवा. सवय नसेल तर हे मोजमापही त्यालाच करू द्या. आपल्याकडे यात आणखी एक भर पडते: काळी माती उन्हाळ्यात आटते, भेगाळते आणि अर्थिंगच्या पाइपापासून सुटते. पावसाळ्यात उत्तम असलेलं अर्थिंग मे महिन्यात नावाला उरतं. खड्डा सापडत असेल तर एप्रिलपासून आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओता. बऱ्याच घरांत तो खड्डा फरशीखाली गेलेला असतो, तर तो आधी शोधा.

वळवाच्या पावसाबद्दल एवढंच: विजा कडाडायला लागल्या की प्लग काढा आणि लॅनची केबलही काढा. गच्चीवरून तांब्याची केबल येत असेल तर बोर्डाचा लॅन पोर्ट तिथूनच जातो. फायबर घरात राउटरपर्यंत येत असेल तर ही भीती बरीच कमी.

एवढं झाल्यावर उरलेली निवड सोपी आहे, म्हणून पटकन सांगते. एएमडीच्या एएम५ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) बोर्ड म्हणजे डीडीआर५ रॅमच. एएम४ म्हणजे डीडीआर४. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये दोन्ही प्रकारचे बोर्ड येतात, आणि एका रॅमची खाच दुसऱ्याच्या स्लॉटला बसत नाही. इंटेलच्या नावापुढे 'एफ' असेल तर आतलं ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय डिस्प्ले येणार नाही. एम.२ एसएसडी (बोर्डावर आडवी बसणारी पट्टी) साटा प्रकारची आहे की एनव्हीएमई आणि बोर्डाचा तो स्लॉट काय स्वीकारतो, हे बोर्डाच्या पुस्तिकेत बघा. तिथेच हेही लिहिलेलं असतं की तो स्लॉट भरला की साटाचे कुठले पोर्ट बंद होतात. रॅमच्या दोन पट्ट्या एकाच खोक्यातल्या घ्या. बिल पक्कं घ्या आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीसाठी माल सोलापुरातच द्यायचा की अडीचशे किलोमीटरवर पुण्याला पाठवायचा, हे पैसे द्यायच्या आधी विचारा.

जुळवताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. इंटेलच्या खोक्यातला कूलर लावायचा असेल तर त्याच्या चार खुंट्या तिरक्या जोडीने दाबायच्या आणि बोर्ड उलटा करून चारही पांढऱ्या नख्या पलीकडे निघाल्यात का ते डोळ्यांनी बघायचं. एक अर्धवट राहिली की कूलर एका बाजूने उचललेला राहतो. टॉवर कूलरच्या बुडाचा पारदर्शक कागद सोलायचा. पेस्ट मटारच्या दाण्याएवढी. एएम४ वरचा जुना कूलर सरळ वर ओढायचा नाही: पीसी दहा मिनिटं चालवून पेस्ट मऊ करायची, बंद करून कूलर डावी-उजवीकडे फिरवत सोडवायचा, नाहीतर प्रोसेसर पिनांसकट सॉकेटमधून उपटून येतो. एलजीए सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात आणि केसासारख्या नाजूक असतात. एक वाकली तरी कधी कधी पीसी चालू होतो, पण अर्धी रॅम दिसत नाही. कॅबिनेटमध्ये जिथे बोर्डाला भोक नाही तिथे राहिलेला पितळी खांब बोर्डाला मागून शॉर्ट करतो. प्रोसेसरची ८ पिनांची केबल आणि ग्राफिक्स कार्डाची ८ पिनांची केबल दिसायला सारख्या, आतून वेगळ्या. बसत नसेल तर जोर लावायचा नाही. आणि एका मॉड्युलर (केबल सुट्या निघणाऱ्या) एसएमपीएसची केबल दुसऱ्याला कधीच लावायची नाही. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते. चुकीची केबल १२ व्होल्ट ५ च्या जागी पाठवते आणि डिस्क पहिल्याच सेकंदाला जाते, डेटासकट.

बिघाड शोधताना आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला असतो: फॉरमॅट मारा. माझा याला विरोध आहे, आणि तो भावनेचा नाही. फॉरमॅट केल्याने बिघाडाच्या खुणा पुसल्या जातात. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' अशा नोंदी असतील तर पीसी नीट बंद न होताच वीज गेली किंवा तो अडकला, एवढं कळतं. शेजारी 'व्हीया-लॉगर'च्या (WHEA-Logger) नोंदी असतील तर प्रोसेसर, रॅम किंवा बोर्डकडे बोट जातं. त्या नसतील आणि पीसी फक्त गेममध्येच बंद पडत असेल तर एसएमपीएस आणि तापमान आधी. डिस्कचा संशय असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा: ०५ आणि सी५ या ओळींतला आकडा शून्यावरून वाढत चालला असेल तर डिस्क निघाली, आजच डेटा हलवा. फक्त सी७ वाढत असेल तर डिस्क बरी आहे, साटाची केबल बदला. शंभर-दीडशे रुपयांच्या केबलपायी चांगल्या डिस्क टाकून दिल्या जातात.

'पंखे फिरतात, डिस्प्ले नाही' हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा बिघाड. मॉनिटरची केबल बोर्डाला लावलीय की ग्राफिक्स कार्डाला, हे आधी. एएम५ वर नवीन रॅम लावली असेल तर थांबा: पहिल्या वेळी बोर्ड रॅमशी जुळवून घेतो आणि पडदा काही मिनिटं काळा राहतो. दहा मिनिटं द्या. याच वेळात घाबरून बटण दाबणाऱ्यांचा पीसी प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात करतो. त्यानंतर बोर्डावर चार छोटे दिवे असतील तर ते बघा: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. जो लागून राहिला, अडलंय तिथे. डीरॅम असेल तर प्लग काढून एकच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा, मग दुसरी. पट्टीच्या सोनेरी कडेवर पांढरा मऊ खोडरबर एका दिशेने फिरवणं ही कारागिरांची जुनी पद्धत बरोबर आहे, पावसाळ्यानंतर तर हमखास लागू पडते. फक्त खोडरबराचा भुसा झटकून टाका. मग बायोस रिसेट. तारीख दरवेळी मागे जात असेल तर सीआर२०३२ सेल मोजा, ३ व्होल्टचा तो २.७ च्या खाली गेला असेल तर नवा घाला.

एवढ्याने नाही झालं तर बोर्ड बाहेर काढून त्याच्याच खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, एसएमपीएस, गरज असेल तर कार्ड. बोर्डावरच्या पॉवर बटणाच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडा. इथे चालू झाला तर बिघाड कॅबिनेटमध्ये आहे: शॉर्ट, अडकलेलं बटण, जास्तीचा खांब. नाही झाला तर भाग पाच-सहाच उरलेत. एसएमपीएस वेगळा तपासायला २४ पिनांच्या प्लगातली हिरवी तार काळीला जोडून १२ व्होल्टची रेषा मोजतात, ११.४ ते १२.६ मध्ये हवी. पण बिनभाराचा डबा चांगलाच वाटतो. भारावर, म्हणजे गेम चालू असताना, मोजून ११.४ च्या खाली गेला तर तो निकालात निघाला. रॅमसाठी मेमटेस्ट८६ रात्रभर, पूर्ण चार फेऱ्या, आणि एकही चूक चालत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि पीसी चालू झाला, तर कुठल्या भागाला दोष द्यायचा हे कळत नाही आणि चांगला भाग भंगारात जातो.

पीसी नवा असतो त्या आठवड्यात एक कागद घ्या आणि कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याला आतून चिकटवा. त्यावर तारीख, खोलीचं तापमान, मोकळा असतानाचं आणि अर्धा तास पूर्ण भारावर असतानाचं प्रोसेसर-कार्डाचं तापमान, भारावरचे १२ व्होल्ट, आणि सॉकेटचं न्यूट्रल-अर्थ. पुढच्या प्रत्येक साफसफाईला खाली एक ओळ वाढवा. खोलीचे अंश वजा करून उरलेली वाढ मागच्या ओळीपेक्षा ७-८ ने जास्त आली, तर पंखा उचलून बघायची वेळ झालेली आहे.